डाव्या पायाला जागा

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी गेंड्याचा क्लच गेला. एकाच आठवड्यात पाळण्यात दोन बाळं आली आणि शेडमध्ये गेंडा आडवा झाला. म्हणून त्या घरात आजही कुणी विचारलं, की क्लच कधी बदलला होता, तर तारीख कुणी सांगत नाही. "जुळ्यांच्या वेळी," एवढंच सांगतात.

गेंडा म्हणजे त्यांची पिकअप. रंग राखाडी, कपाळ रुंद, आणि पुढच्या बंपरवर जाडजूड लोखंडी आकडा, शिंगासारखा वर वळलेला. घरासमोरचा रस्ता पुढे घाट चढत होता, आणि त्या घाटात रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीचा जीव जायचा. गाडी बंद पडली की लोक या घरी फोन करत. गेंडा जायचा, मागे दोर बांधायचा आणि मेलेली गाडी खेचून वर आणायचा.

गेंडा चालवायचे घरातले म्हातारे. रस्त्यावर त्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांची उभी हयात स्टिअरिंगमागे गेली होती. आधी ट्रक, मग बस, मग स्वतःची पिकअप. बायको म्हणायची, "यांचं माझ्याशी लग्न झालं ते दोन खेपांच्या मध्ये सवड मिळाली म्हणून." उस्तादांना गर्व एकाच गोष्टीचा, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. त्यांच्या पायाखाली क्लच कधी जळला नव्हता. "इंजिनाला हुकूम करावा, ब्रेकला धाक दाखवावा," ते म्हणायचे, "पण क्लचला विचारावं लागतं. पायानं विचारायचं, येऊ का? तो हो म्हणाला की मगच सोडायचं."

असा माणूस, आणि क्लच जळाला त्याच्याच पायाखाली.

त्या दिवशी ते एक बंद पडलेली जीप ओढत होते. तिसऱ्या वळणावर इंजिन ओरडायला लागलं, आवाज चढत गेला, पण गाडी काही चढेना. मग तो वास आला. जळक्या क्लचचा वास ज्यानं एकदा घेतला तो जन्मात विसरत नाही. उस्तादांनी गाडी बाजूला घेतली आणि काच वर केली, जणू वास बाहेर गेला तर रस्त्याला कळेल.

घरी सगळ्यांना कारण आधीच ठाऊक होतं, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. उस्तादांच्या चिरंजीवांनी सहा महिन्यांपूर्वी गेंड्याच्या इंजिनावर हात चालवला होता. मोठा टर्बो बसवला, डिझेलचा खुराक वाढवला, आणि गेंडा असा सुटायला लागला की शेजारची कुत्रीसुद्धा त्याच्यामागे धावायची सोडून बाजूला बसून बघायची. इंजिन पहिलवान झालं आणि क्लच राहिला पोरसवदा. कधीतरी त्याचा दम निघणारच होता.

"म्हणजे चूक माझी," चिरंजीव छाती पुढे काढून म्हणाले. चूक कबूल करताना इतका खूश झालेला माणूस कुणी पाहिला नसेल. "ताकदच एवढी झाली, बाबा! आता शर्यतीचा क्लच टाकू. माझ्या दोस्तानं टाकलाय. एकदा धरला की मगरीची मिठी."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी चिरंजीवांना माहीत नव्हती. गेल्या थंडीपासून उस्तादांचा डावा गुडघा त्यांचं ऐकत नव्हता. सकाळी उठताना कटकट वाजायचा, पाय उचलला की आत सुई फिरायची. हे फक्त बायकोला माहीत, कारण तव्यावर फडकं गरम करून शेकून तीच द्यायची.

"सांगा ना पोराला," ती म्हणायची. "तो काय खाणार आहे तुम्हाला?"

"खाल्लं असतं तर बरं. तो प्रेम करेल. म्हणेल, बाबा, आता बसा आरामात, मी चालवतो. आणि मी बसलो की उठणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

तिला माहीत होतं. तिचे सासरे असेच बसले होते, खिडकीपाशी, आणि वर्षभरात खिडकीच रिकामी झाली होती. ती फडकं पुन्हा तव्यावर टाकायची.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांचा दोस्त आपली पिकअप घेऊन अंगणात आला. त्यात तोच शर्यतीचा क्लच होता. "बसा बाबा, दाबून बघा," चिरंजीव म्हणाले.

उस्ताद बसले. डावा पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. पेडल कसलं, भिंतच ती. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट कानामागे गेली. चेहऱ्यावरची माशी त्यांनी हलू दिली नाही. मग गिअर टाकून हळूहळू सोडायला गेले, आपल्या सवयीप्रमाणे विचारत विचारत, तर त्या क्लचनं मध्येच खाडकन पकड घेतली आणि गाडीनं असा हिसका दिला की दोस्ताचा आरशाला टांगलेला कंगवा खाली पडला.

"कसा आहे?" चिरंजीव.

"उत्तम," उस्ताद म्हणाले. "टाका हाच. जडबिड काही नाही. माझा पाय काय लोण्याचा आहे?"

झाकली मूठ झाकलीच ठेवायची म्हणून त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. हे त्यांना कळत होतं. पण शब्द तोंडातून गेला होता.

हे सगळं एक जण शेडच्या दारात उभं राहून बघत होतं. ती त्यांची सून. आणि ती उस्तादांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. स्टिअरिंगवरच्या त्यांच्या आवळलेल्या मुठीकडे बघत होती.

सूनबाईचं माहेर क्लचचं. तिचे वडील जुन्या क्लच प्लेटांना नवे पट्टे रिव्हेट करून द्यायचे, आणि पोरगी त्यांच्या ठोक्यांच्या तालावर झोपायला शिकली होती. लग्नात चिरंजीवांच्या मित्रांनी विचारलं होतं, की वहिनी स्वयंपाकात काय येतं? ती म्हणाली, "गिअरबॉक्स उतरवता येतो, वाढायला मात्र तुम्ही या." उंचीनं एवढीशी, अंगानं काटक, आणि जिभेला हाड नाही. शेडचं काम तिच्याकडे होतं, म्हणजे चिरंजीव इंजिनं फुगवायचे आणि त्यापायी जे जे मोडायचं ते ती दुरुस्त करायची. आपल्या कामाची ती स्वतःच तारीफ करायची, दुसऱ्याची वाट बघत बसायची नाही.

दुपारी तिनं गेंड्याचा गिअरबॉक्स उतरवला. खाली झोपून, तो छातीवर तोलत, हातानं ट्रॉली जॅकवर सरकवत. उस्ताद स्टूल घेऊन बाजूला बसले होते. खरं तर ते निकाल ऐकायला बसले होते. तिनं क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट सोडवली, जळकी क्लच प्लेट काढून चिरंजीवांच्या हातात दिली. पट्टे काळे ठिक्कर, रिव्हेट उघडे पडलेले.

"बघ, बघ!" चिरंजीव म्हणाले. "टर्बोची ताकद!"

सूनबाईचं लक्ष तिकडे नव्हतं. ती प्रेशर प्लेट मांडीवर घेऊन बसली होती. त्या प्लेटच्या मधोमध पोलादी बोटं असतात, गोलाकार, आत टोकं केलेली. पेडल दाबलं की एक बेअरिंग येऊन त्या बोटांवर टेकतं आणि क्लच सुटतो. पाय काढला की बेअरिंग मागे जातं. या बोटांच्या टोकांवर खोल, चकचकीत चरे पडले होते. बेअरिंग हातात घेतलं तर तापून निळं पडलेलं. तिनं अंगठा एकेका बोटावरून फिरवला, जसा वैद्य नाडी बघतो तसा, आणि मग मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं.

उस्तादांनी स्टूल जरा मागे सरकवलं. त्या चऱ्यांचा अर्थ त्यांना सांगायला लागत नव्हता. ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतो तेव्हाच ते पडतात. पाय दाबलेला नसतो, पण काढलेलाही नसतो. नुसता विसावलेला. नवशिके करतात असं. ते स्वतः अशा नवशिक्यांच्या डाव्या पायावर छडी मारायचे. पण पाय उचलून बाजूला ठेवायचा, पुन्हा उचलून आणायचा, दर वळणाला, घाटभर, हे गुडघ्याला सोसवेना, म्हणून थंडीपासून त्यांचा पाय पेडलवरच राहायला लागला होता. टर्बोनं क्लच दमवला हे खरं. पण दमलेल्याला मारलं होतं त्यांच्या पायानं.

सूनबाईनं सगळं वाचलं होतं. चरे, मूठ, गुडघा. तिनं तोंड उघडलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमचा तो मगरीचा क्लच मी बसवणार नाही."

"का?"

"मला दाबवत नाही."

चिरंजीव बघतच राहिले. "तुला? आत्ता छातीवर गिअरबॉक्स घेतलास की!"

"छातीवर घेतला. पायानं नाही घेतला. मलाही गेंडा चालवायचाय. उद्या जुळ्यांना घेऊन नणंदबाई यायच्या म्हणाल्या, की त्यांना आणायला कोण जाणार? तुम्ही? तुम्ही पोरांना आणाल की उडवून आणाल? मला हलकं पेडल पाहिजे. बाईमाणूस आहे मी."

बाईमाणूस! हे शब्द तिच्या तोंडून त्या घरात कुणी ऐकले नव्हते. आतून सासूबाई दाराशी आल्या, कुणाला ताप आलाय का बघायला.

"हलकं पेडल म्हणजे क्लच पुन्हा घसरणार," चिरंजीव म्हणाले. "ताकद धरायची तर स्प्रिंग कडक हवी, आणि स्प्रिंग कडक तर पेडल जड. हे तुझ्या वडिलांनीच मला शिकवलंय."

"एका प्लेटला. दोन प्लेटा टाकल्या तर?" ती उठून बसली. आता तिच्या डोळ्यांत ते तेज आलं, जे कामाबद्दल बोलताना यायचं. "ओला दोर एका हातानं धरायचा तर जीव खाऊन आवळावा लागतो. दोन हातांनी धरला तर? निम्मी ताकद लागते. दोर तेवढाच धरला जातो. एकावर एक दोन प्लेटा, मध्ये एक पोलादी चकती. तुमचा टर्बो दुप्पट झाला तरी हलणार नाही, आणि पेडल, आई दाबतील चप्पल घालून."

"मला मध्ये घेऊ नका," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"जुळंच म्हणा की!" चिरंजीव हसले. आणि हसला तो हरला. त्यांना ती दोन हातांची गोष्ट पटली होती, आणि पटलेल्या गोष्टीवर अडून बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पोरगा गुणी होता, फक्त घाईचा.

उस्ताद स्टुलावर तसेच बसले होते. आयुष्यात त्यांनी खूप जोर बघितला होता. भरले ट्रक दरीतून वर येताना, ओल्या उतारावर बस थांबवताना. पण एक ताकदवान माणूस दुसऱ्याचं दुबळेपण उचलून, ते आपलंच आहे असं सांगून, खांद्यावर टाकतो आणि वर थट्टाही करतो, हा जोर त्यांनी पहिल्यांदा पाहिला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. ते म्हणाले, "चहा ठेवा कुणीतरी."

नवा क्लच आला त्या दिवशी सूनबाईनं शेडमध्ये वेगळंच राज्य चालवलं. खोकं उघडण्याआधी तिनं साबणाची वडी दारात ठेवली. "प्लेटला तेलाचं बोट लागलं तर ती आयुष्यभर थरथरते. हात धुवा, कोपरापर्यंत."

"बाळंतिणीच्या खोलीत आलोय का?" चिरंजीव.

"तिथे तुम्हाला नुसतं बघायला सोडलं. इथे हात लावायला मिळतोय. धुवा."

उस्तादांनीही धुतले. त्यांना काही उचलायचं नव्हतं, तरी धुतले.

फ्लायव्हील, म्हणजे प्लेट ज्यावर टेकते ते इंजिनाचं जड चाक, तिनं लेथवर घासून आरशासारखं करून आणलं होतं. पहिली प्लेट, चकती, दुसरी प्लेट, वर प्रेशर प्लेट. दोन्ही प्लेटांची भोकं एका रेषेत आली नाहीत, तर गिअरबॉक्सचा दांडा, शाफ्ट, आत जात नाही. त्यासाठी तिच्याकडे एका जुन्या गिअरबॉक्सचा तुटका शाफ्ट होता, वडिलांनी लग्नात दिलेला. बाकीच्या पोरींना वडील भांडी देतात, ती म्हणायची. तो शाफ्ट दोन्ही प्लेटांतून आरपार घालून तिनं बोल्ट आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरत फिरत, कुणालाही एकदम नाही. आवळताना ती काहीतरी गुणगुणत होती. मग शाफ्ट हलकेच बाहेर ओढला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला.

"वा," उस्तादांच्या तोंडून गेलं.

"ऐकलं का हो?" ती नवऱ्याला म्हणाली. "मामंजी वा म्हणाले. तुमच्या टर्बोला काय म्हणाले होते?"

"आवाज कमी कर म्हणाले होते," चिरंजीवांनी कबूल केलं.

संध्याकाळी गेंडा जमिनीवर आला. "आधी मामंजींनी बसायचं," तिनं सांगितलं आणि स्वतः हत्यारं पुसायला पाठ फिरवली.

उस्ताद चढले. पेडल दाबलं. ते खाली गेलं, आणि गुडघा काही बोललाच नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग पाय काढून सवयीनं कुठे ठेवावा म्हणून जरा डावीकडे नेला, तर पाय कशावर तरी टेकला. त्यांनी वाकून पाहिलं. क्लचच्या डावीकडे, पेडलच्याच उंचीला, एक तिरकी लोखंडी पट्टी वेल्ड केलेली होती. वर जुन्या टायरचा रबर. पाय उचलायचा नाही, नुसता सरकवायचा, आणि पेडलवरून थेट त्या रबरावर. टाच, चवडा, सगळं बरोबर, जसं पायाचं माप घेऊन शिवलेलं.

"हे काय गं?" त्यांनी विचारलं.

"ते माझं आहे," ती पाठमोरीच म्हणाली. "मला पाय ठेवायला जागा लागते."

पण हयात गाड्यांत घालवलेल्या माणसाला एवढं कळतं. सूनबाई गाडीत बसायची ती सीट पार पुढे ओढून, नाहीतर तिचा पाय पेडलला पोचायचाच नाही. आणि सीट पुढे ओढली, की ही पट्टी तिच्या नडगीला लागणार. त्या पट्टीवर पाय नीट विसावेल असा लांब टांगेचा माणूस त्या घरात एकच होता. चिरंजीव आईवर गेले होते, बुटके.

त्यांनी पाय पट्टीवर ठेवला, पेडलवर नेला आणि पुन्हा पट्टीवर आणला.

नव्या क्लचला लगेच कामाला जुंपत नाहीत. प्लेटा आणि चकती एकमेकांच्या ओळखीच्या होईपर्यंत दमानं चालवायचं, ओझं नाही, घाट नाही, नुसतं गावात फिरायचं, थांबायचं, निघायचं. चिरंजीवांना हे म्हणजे घोडा आणून त्याला दळण आणायला पाठवण्यासारखं वाटलं. ते सारखे किल्ली शोधायचे, आणि सूनबाईनं किल्ली पिठाच्या डब्यात ठेवली होती, जिथे त्यांचा हात आयुष्यात गेला नव्हता. उस्तादांना मात्र ते दिवस सणासारखे गेले. बायकोला शेजारी बसवून ते लेकीकडे जुळी बघायला जायचे, वाटेत दहा ठिकाणी मुद्दाम थांबायचे. "आता काय घ्यायचंय?" बायको विचारायची. "काही नाही, क्लचची ओळख वाढवतोय." तिनं एकदा खाली वाकून त्या रबराच्या पट्टीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. फडकं शेकायला त्या आठवड्यात मागितलं गेलं नव्हतं, हे तिच्याही लक्षात आलं होतं.

ओळख पुरी झाली, आणि मग तो फोन आला. घाटात ऐन चढावर एक टेम्पो बंद पडला होता, आणि त्यात मधमाश्यांच्या पेट्या होत्या. एकावर एक रचलेल्या, जिवंत.

गेंडा पोचला तेव्हा टेम्पोचा मालक तोंडावर जाळी घेऊन रस्त्यात उभा होता. "उन्हात राहिल्या तर आतल्या आत मरतील," तो म्हणाला. "आणि ओढताना एक जरी हिसका बसला, तरी पेट्या ढासळतील. मग मला कुणी वाचवू शकणार नाही, आणि तुम्हालाही." त्याच्या आवाजात काकुळत होती. वर्षभराचा संसार त्या टेम्पोत होता.

चिरंजीव ड्रायव्हरच्या दाराकडे निघाले. मग त्यांना आठवला दोस्ताचा तो कंगवा, आरशावरून खाली पडलेला. ते थांबले, वळले आणि म्हणाले, "बाबा, हे तुमचं काम."

उस्ताद बसले. शेजारी सूनबाई. मागे टेम्पोचं स्टिअरिंग चिरंजीवांनी धरलं. दोर ताणाला आला तो इतक्या हळू, की मागच्या आकड्यानं आवाजसुद्धा केला नाही. मग उस्तादांनी क्लचला विचारलं. चढ उभा, मागे भरलेला टेम्पो, पुढे टर्बोचं पिसाट इंजिन, आणि या सगळ्याच्या मधोमध एका म्हाताऱ्या माणसाचा डावा पाय, केसाच्या जाडीनं वर येणारा. जुन्या क्लचनं इथे वास सोडला असता. मगरीच्या क्लचनं दोर तोडला असता. या दोन प्लेटांनी हो म्हटलं. गेंडा निघाला, टेम्पो निघाला, कधी निघाला ते टेम्पोच्या मालकालाही कळलं नाही. तो रस्त्यावर उभाच होता आणि गाडी पुढे गेली होती, मग तो जाळी सावरत मागे पळाला.

पहिलं वळण, दुसरं वळण. प्रत्येक वळणानंतर उस्तादांचा पाय सरकून रबरावर जायचा आणि तिथे थांबायचा. काचा उघड्या होत्या. वास नव्हता.

"मामंजी," सूनबाई समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "पाय?"

"जागेवर आहे," उस्ताद म्हणाले.

त्या विषयावर त्या दोघांचं एवढंच बोलणं झालं, त्या दिवशी आणि नंतरही.

माथ्यावर झाडाखाली टेम्पो लावला. मालकानं कान लावून एकेक पेटी ऐकली. सगळ्यांतून तोच शांत गुंजारव येत होता. एकही पेटी जागची हलली नव्हती. तो उस्तादांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला धरून उठवलं आणि सूनबाईकडे वळवलं. "माझ्या नको. पाय माझे असले तरी हात हिचे आहेत." आणि चिरंजीवांना म्हणाले, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, "बघून ठेव. गाडीचा क्लच कुणीही बदलेल. हिनं ड्रायव्हरसकट दुरुस्त करून दिली."

चिरंजीवांना त्यातलं अर्धंच कळलं. पण त्यांनी बायकोकडे पाहिलं ते टर्बोकडे पाहायचे तसं, आणि ती चक्क लाजली. तेही त्या घरात पहिल्यांदाच झालं.

उस्ताद त्यानंतर गेंडा चालवतच राहिले. खिडकीपाशी बसायची वेळ त्यांच्यावर आली नाही. जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, एका सकाळी गेंडा धुऊन झाल्यावर ते अंगणातल्या बाकावर टेकले आणि तिथेच वारले. क्लच तोच होता. ती पट्टी सूनबाईनं काढली नाही. तिला ती आजही नडगीला लागते.